जीपला ताप येतो

कोकणात कुणालाही ताप आला, की गावातल्या प्रत्येकाला औषध ठाऊक असतं. माणसाला आला तर काढा, म्हशीला आला तर पाला आणि जीपला आला तर पाणी. काढ्याबद्दल आणि पाल्याबद्दल मी बोलत नाही. पण तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतणं हा उपचार नव्हे, ती सुपारी आहे. गरम बिडावर एकदम गार पाणी पडलं की हेड तडकतं, आणि मग खरोखरच दुखणं जडतं.

आमच्या आत्याकडे जीप आहे. आतोबांनी घेतली, आतोबा गेले, जीप राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी जन्मलेली ही जात महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जुळवायला घेतली, आणि लष्कर, वनखातं, पुढारी अशी पायरीपायरीने उतरत ती आंबेवाल्यांपर्यंत पोचली. आत्याची कलमं मालवणमागच्या सड्यावर. वाट म्हणजे उघडा जांभा. मध्ये चर, चरात धोंडे. टेम्पो तिथे चढत नाही. चढला तर उतरायचं नाव घेत नाही. जीप मात्र पेट्या घेऊन रांगत रांगत उतरते. पावसाळ्यात याच जीपने वाडीतल्या चार बाळंतिणींना मालवणला पोचवलंय. त्यातली एक तर अर्ध्या वाटेतच मोकळी झाली. तो मुलगा आता बारावीत आहे आणि जीप दिसली की अजून लाजतो.

तर गेल्या वर्षी ऐन एप्रिलात, आंबा उतरायला लागला आणि जीप उकळायला लागली. सड्यावर दहा मिनिटं चालली की काटा लाल रेघेवर, बॉनेटमधून वाफ आणि आतेभावाच्या तोंडातून जे बाहेर पडायचं ते इथे छापता येणार नाही. एका मेस्त्रीने दुरूनच पाहून निकाल दिला, "हेड गॅसकेट गेला. इंजिन खोलूक व्हया." खर्चाचा आकडा ऐकल्यावर दादा ओट्यावरच बसला. अर्ध्या हंगामाचे पैसे. त्यापेक्षा जीप भंगारात काढावी, असं त्याच्या मनाने घेतलं. आत्या चुलीपुढून एवढंच म्हणाली, "जीप इकतलास तर माका पण तिच्यातच बसवन दी."

मी आंबे खायला गेलो होतो. पण आंबे बाजूला राहिले आणि ओट्यावर वैद्यमंडळ जमलं. शेजारचे गुरुजी थर्मोस्टॅटच्या विरोधात होते. "काढून टाक ता. आपल्या कोकणात तेचो काय उपेग? ता थंड मुलखासाठी." हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की निम्म्या जुन्या जीपगाड्या थर्मोस्टॅटशिवायच फिरत असतील. खरं म्हणजे थर्मोस्टॅट हा आमच्या बँकेतल्या पासिंग ऑफिसरसारखा. पोटात मेणाची डबी. पाणी ऐंशीच्या वर तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट अडवून बसतो. मेण फुगलं की दार उघडतो. तो बंदच अडकून बसला तर इंजिन तापतं हे खरं, पण मग सगळीकडेच तापतं, घाट असो की सपाटी. आणि चांगला असताना काढून टाकलात तर इंजिन बराच वेळ गारठलेलं राहतं, झिजतं आणि पेट्रोल जास्त पितं. पासिंग ऑफिसर रजेवर गेला म्हणून काम भराभर उरकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

इंजिनातलं मला कळत नाही. पण संध्याकाळी कॅश जुळली नाही तर फरक कसा शोधायचा हे कळतं. संगणक आले तरी नोटा माणसांनाच जुळवायच्या असतात. फरक पडला की नवखा माणूस सगळ्या नोटा पुन्हा मोजायला घेतो. मुरलेला माणूस आधी फरकाचा आकडा बघतो. त्याला नवाने भाग जात असेल, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, चौपन्नचे पंचेचाळीस केलेत, हा पहिला संशय. म्हणजे आधी फरकाचा स्वभाव विचारायचा. मी दादाला विचारलं, "कधी तापते?"

"तापता म्हणजे तापता."

"कसालपर्यंत डांबरी रस्त्याने नेलीस तेव्हा तापली?"

दादा विचारात पडला. नाही. मालवणातून कुंभारमाठचा चढ चढून, चौके, कट्टा करत कसालला हायवेपर्यंत गेली, तेव्हा काटा मध्येच होता. मग सड्यावरच का? ओट्यावर पहिल्यांदाच शांतता पसरली. गॅसकेट गेलं असतं तर ते डांबरी रस्ता बघून शहाणं झालं नसतं. शिवाय गॅसकेट गेल्यावर इंजिनाचं ऑइल दुधाच्या चहासारखं होतं आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. काठी काढून पाहिली, ऑइल काळंभोर, कोऱ्या चहाचं. गार इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये डोकावलो, बुडबुडा नाही.

गार म्हटलं ते मुद्दाम. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिटी. आत दाब धरून ठेवतं, आणि दर पौंडाला पाणी उकळायचा बिंदू दीडेक अंशाने वर चढवतं. गरम असताना ते उघडलं की सगळं पाणी एकदम तुमच्या तोंडावर येतं. गुरुजी फडकं घेऊन सरसावले होते. त्यांना चहा देऊन बसवून ठेवलं.

डांबरी रस्त्यावर ताशी पन्नासने गाडी धावते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. सड्यावर जीप चालते माणसाच्या चालीने. इंजिन घाम गाळत असतं आणि वारा शून्य. तिथे सगळी भिस्त पंख्यावर. म्हणजे पाण्याचा गुन्हा नाही, हवेचा आहे. एवढ्यात दुसरे एक मेस्त्री आले. म्हातारे, उभा जन्म जीपखाली आडवे पडून काढलेले. ते गुरुजींकडे वळले आणि म्हणाले, "पेपर दी." पेपर रेडिएटरसमोर जाळीला लावला. पंखा नीट ओढत असेल तर कागद चिकटून राहतो. तो घसरून खाली पडला. अग्रलेखावर वंगण लागलं. गुरुजींनी तो अजून वाचला नव्हता.

मेस्त्रींनी टॉर्च मारला. रेडिएटरच्या पात्यांत तांबडा धुरळा आणि गवताची कुसळं यांचा असा गिलावा बसला होता की त्यावर घर बांधता आलं असतं. पट्टा अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचाऐवजी चांगला दोन इंच आत गेला. मग त्यांनी विचारलं, "पंख्याच्या भोवतीचा कडा खय?" पंख्याभोवती पत्र्याचं गोल कडं असतं. ते नसलं तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळत बसतो. दोन वर्षांपूर्वी पाण्याचा पंप बदलताना कुणीतरी ते काढलं होतं, आणि हात घालायला बरं पडतं म्हणून परत बसवलंच नव्हतं.

कडं सापडलं. मागच्या परड्यात, आत्याच्या अबोलीच्या वाफ्याला कुंपण म्हणून. आत्या म्हणाली, "माका वाटला, कसला तरी पत्रो."

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. पात्या आतून बाहेरच्या दिशेने धुतल्या, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत गेली. पट्टा ताणला, कडं बसवलं. किनाऱ्याकडच्या विहिरीचं मचूळ पाणी काढून टाकलं. त्याने आत गंज आणि क्षार साचतात. त्याऐवजी निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. कूलंट फक्त बर्फाच्या मुलखासाठी, असं गुरुजींचं मत अजून कायम आहे. ते गंज थांबवतं आणि पाण्याला उशिरा उकळू देतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जीप भरलेल्या पेट्यांसह सड्यावरून तीन फेऱ्या करून आली. काटा मधल्या रेघेवर. संध्याकाळी पेट्या वाशीच्या ट्रकवर चढल्या. आत्या मात्र गप्प होती. रात्री कोंबड्यांनी अबोली उकरली होती. दादाने तिला वाफ्यासाठी एक जुना टायर आणून दिला. तो तिला पसंत नाही. सध्या तिची नजर जीपच्या स्टेपनीवर आहे.