अब्बांची बैठक

आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसून काम करतो. उकिडवा बसायचं, लाकूड पायाने दाबून धरायचं आणि दोन्ही हात रंध्याला मोकळे ठेवायचे. मिरजेचे सतारमेकरही असेच जमिनीवर बसून भोपळा आणि दांडी जुळवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी घरात म्हटलं होतं की त्यातला थोडा वाटा गुडघ्यांचाही आहे. कारण गुडघे गेले की हातात कसब असूनही कारागीर बेकार होतो.

अब्बांचं तेच झालं. आमचा वारणानगरचा परिसर उसाचा. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागायची आणि अब्बांची निम्मी उमर त्या गाड्यांची लाकडी चाकं करण्यात गेली. पुढे रबरी टायर आले, ट्रॅक्टर आले. मग दारं, चौकटी, पोळपाट, जे मिळेल ते. आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, आता उकिडवं बसणं बंद. नमाज खुर्चीवर सुरू झाली, हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली.

घरात सगळ्यांना बरंच वाटलं. भाऊ म्हणाला, "अब्बा, खूप केलंत, आता आराम करा." अम्मीला तर घरातला भुसा कधीच नको होता. म्हाताऱ्या माणसाला आपण 'आराम करा' म्हणतो, त्यात निम्मी सोय आपली असते असं मला वाटतं. हजरत जकरिया (अ.) सुतार होते, हे मला लहानपणी अब्बांनीच किती अभिमानाने सांगितलं होतं! तोच माणूस आता ओट्यावर बसून रस्ता बघायचा आणि विचारलं तर नुसतं 'हूं' म्हणायचा. असे तीन महिने गेले.

मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं. एक लांब फळी, चार पाय. एका टोकाला दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, दुसऱ्या टोकावर लाकूड ठेवून काम करायचं. मी त्यांना सांगितलं की इटलीत इ.स. ७९ साली ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरात एक भिंतीवरचं चित्र सापडलंय, त्यातही असल्याच बुटक्या बाकावर लाकूड कापताना दाखवलंय. अब्बा म्हणाले, "मग काय अवघड आहे? चल, करू या."

फळी जुन्या गाडीची, बाभळीची. चार फूट लांब, दहा इंच रुंद, दोन इंच जाड. पायही बाभळीचेच. भावाचं म्हणणं, लोखंडी अँगल आणि स्क्रू लावा, अर्ध्या तासात काम होईल. अब्बा ऐकेनात. रंधा मारताना माणूस पुढेमागे झुलतो, प्रत्येक झोका स्क्रूवर येतो आणि भोक सैल होत जातं. एक पाय निसटला तर पडणार कोण? ज्याचे गुडघे आधीच गेलेत तो. "चाकाचा आरा तुंब्यात बसतो, त्याला कुठे स्क्रू असतो?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा भाऊ गप्प झाला.

ते खुर्चीवर बसून सांगत होते, हात माझे. पाय आधी महिनाभर पत्र्याखाली माळ्यावर वाळवले. पाय फळीपेक्षा जास्त सुके हवेत. मागाहून फळी सुकत जाते तशी ती पायाला आवळते. उलट झालं तर पायच बारीक होऊन खुळखुळतो. भोकं सरळ पाडायची नाहीत, पाय बाहेर फाकतील अशी तिरपी. चारही भोकांचा तिरपेपणा सारखा यावा म्हणून पुठ्ठा कापून गिरमिटाशेजारी उभा धरला. पायाचं वरचं टोक गोल तासून कुसू केलं, त्यात करवतीने उभी चीर दिली. कुसू भोकातून फळीच्या वर आलं की त्या चिरेत पाचर ठोकायची. पाचर फळीच्या रेषांना आडवी, हे अब्बांनी तीनदा बजावलं. रेषांच्या दिशेने ठोकली तर फळीच उभी चिरते. "हात नको, कान दे," ते म्हणाले. सुरुवातीला धप् धप्, मग आवाज कडक होत जातो. कडक झाला की थांबायचं.

चार पाय कधी एकदम टेकत नाहीत. सपाट फरशीवर बाक ठेवून आखूड पायांखाली चिपा सारल्या, फळी समपातळीत आणली. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवून प्रत्येक पायाभोवती फिरवली आणि त्या रेघेवर कापलं.

अब्बा बसले तेव्हा अम्मीने त्यांचा दंड धरला होता. त्यांनी हळूच सोडवून घेतला, पुढेमागे झुलून पाहिलं आणि पेटी मागितली.

पहिलं काम शेजारच्या भाभींच्या पोळपाटाचं आलं, एक पाय सुटलेला. आता असरनंतर रोज काहीतरी असतंच. भुसा अम्मी पोत्यात भरून बंबासाठी ठेवते, कुरकुर मात्र सोडलेली नाही. अख्खा पावसाळा गेल्यावर मी एकदा बाकाचे पाय धरून हलवून पाहिले. जरासुद्धा हलले नाहीत.

"सारखं हलवून बघशील तर सैल करशील," अब्बा म्हणाले. "तो पटाशीचा दगड दे इकडे."