साडेतीन हात वाट

विज्ञानकथा शिकवता शिकवता एका वर्षी मीही एक कथा लिहायला घेतली होती. काळ आजपासून तीन हजार वर्षांनंतरचा. माणसे एका ग्रहावरच्या दारात पाऊल टाकतात आणि त्याच क्षणी दुसऱ्या ग्रहावर बाहेर पडतात. ही दारे अधर्म आहेत, असे मानणारा एक पंथ मी कल्पिला. पंथीयांना जटा दिल्या, घोषणा दिल्या, दारे फोडायला हातोडे दिले. कथा फसली. खरे तर असा पंथ मी लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि त्याच्या हाती हातोडा कधीच नव्हता.

आष्टी तालुक्यातले कडा हे माझे आजोळ. नगरहून येणाऱ्या रस्त्याने स्थानकवासी जैन साध्वी अनवाणी चालत येत. एका वैशाखात त्यांतली एक वृद्ध साध्वी लंगडत होती. मामांनी जीप थांबवली. "महाराज, बसा. स्थानकापाशी सोडतो." "किती राहिलं?" "चार किलोमीटर." "चारच ना? मग आलंच," म्हणून त्या हसल्या आणि चालू लागल्या. मामांना अपमान वाटला नाही, याचे मला आजही नवल वाटते.

कड्यातली शिक्षणसंस्था ज्या अमोलकऋषींच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला. त्यांतल्या दशवैकालिकात चालण्याचा नियम आहे: पुढची युगमात्र, म्हणजे सुमारे साडेतीन हात, जमीन पाहत पाऊल टाकावे. वाहन वर्ज्य आहे ते निसर्गप्रेमापोटी नव्हे. इतक्या वेगात पायाखालचा जीव दिसत नाही, आणि यंत्रातला अग्नी व वारा यांतही जीव मानलेले आहेत. तरीही आचारांगात नावेतून नदी ओलांडण्याची सशर्त मुभा आहे. म्हणजे हा नकार आंधळा नाही; त्याने आपल्या काळच्या वाहनाचा बारकाईने विचार केलेला आहे. माझ्या जटाधाऱ्यांनी तेवढाही केला नव्हता.

डेरेक पारफिटने 1984 च्या ग्रंथात एक यंत्र कल्पिले. ते इथला देह नष्ट करते आणि मंगळावर हुबेहूब दुसरा घडवते. पोचला तो मीच का, हा त्याचा प्रश्न. जैन तत्त्वज्ञानात असा प्रवास आधीपासूनच आहे. त्याला विग्रहगती म्हणतात. स्थूल देह सुटतो, कर्माचे सूक्ष्म शरीर घेऊन जीव अवघ्या काही समयांत पुढच्या देहाशी पोचतो. आणि समय म्हणजे काळाचा अविभाज्य अंश. या प्रवासाचे नाव मरण. त्या साध्वींना माझे दार दाखवले असते तर त्यांनी ते लगेच ओळखले असते.

पंथात वाद झालेच नाहीत, असे नाही. 1975 मध्ये आचार्य सुशीलकुमार विमानाने परदेशी गेले तेव्हा मोठा विरोध झाला. आज थकलेल्या साध्वींना चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेताना पाहतो, तेव्हा व्रत नेमके कुठवर ताणायचे, हे मलाही ठरवता येत नाही. पण 2022 मध्ये न्यू आष्टीपर्यंत रेल्वे आली तेव्हा रुळांवर कोणी आडवे पडले नाही. नियम स्वतःपुरता होता. विहारात साधू-साध्वी वाहनाखाली सापडल्याच्या बातम्या मात्र अधूनमधून येतात. वेग नाकारणाऱ्यांवर वेगच येऊन आदळतो, आणि आपण त्याला अपघात म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात सकाळी कॉलेजला जाताना रस्त्याच्या कडेने तिघी दिसल्या. सोबतच्या मुलाच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट होते. मी गाडीचा वेग कमी केला. थांबलो नाही, साडेनऊचा तास गाठायचा होता.