पहिल्या पावसापर्यंत

घरभेटींना निघालो म्हणजे पूर्वी आम्हांस मुलांच्या परीक्षा, आजोबांचा दमा आणि सुनेचे बाळंतपण यांविषयी ऐकावयास मिळे. आताशा उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच घरधनी छताकडे बोट दाखवितो. कोठे गिलाव्याचा पापुद्रा सुटलेला असतो, कोठे ओल उतरलेली असते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, दोन न्हाणीघरे, स्वयंपाकघराची लादी, जमल्यास सगळी वायरिंग असा बेत एव्हाना घरात ठरलेला असतो. मग चहाचा कप पुढे करीत हळूच विचारले जाते, "फादर, तुमच्या ओळखीचा कोणी मिस्त्री आहे का? आणि त्याला पैसे कसे द्यावेत?"

खरा प्रश्न दुसरा असतो. मिस्त्री प्रत्येकाच्याच ओळखीचा असतो, आणि प्रत्येकाजवळ निदान एक अनुभवकथाही असते. कोणाचा मिस्त्री निम्मे पैसे घेऊन गेला तो दिवाळीपर्यंत फिरकला नाही, तर कोणाचा नळकाम अर्धवट टाकून लग्नाला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. सेमिनरीत आम्ही वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. ठेकेदाराचे हप्ते कसे पाडावेत हे मात्र तेथे कोणी शिकविले नाही. ते आम्हांला चर्चच्या भिंतीने, शाळेच्या छपराने आणि दफनभूमीच्या कुंपणाने शिकविले. त्या शिकवणीचा आम्हांला थोडा अभिमानही होता. तो कसा उतरला ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम चालीरीतीविषयी. काम रोजावर दिले तर गवंडी आणि बिगारी दिवसाचा रोज घेतात. काम निगुतीने होते, पण ते केव्हा संपेल हे देवच जाणे. घरचे कोणी लक्ष ठेवायला नसेल तर दुपारची विश्रांती चारपर्यंत लांबते. तरीही जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे ठाऊक नसते अशा दुरुस्तीस हीच रीत रास्त, असे आमचे मत आहे. अशा कामाचा आकडा जो आगाऊ सांगतो तो आपली भीतीही त्या आकड्यात मिळवतो. काम उक्ते, म्हणजे अंगावर दिले, तर रक्कम ठरलेली असते, पण घाई ठेकेदाराला असते. मग सिमेंट हात आखडून पडते आणि ज्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारायला हवे त्याला दोन दिवसांत रंगाची घाई होते. तिसरी रीत मधली आहे: माल घरधन्याने आणायचा आणि मजुरी चौरस फुटावर द्यायची. दुकानदाराचे पैसे आपण परस्पर देत असल्याने ठेकेदाराला मोठी उचल द्यावी लागत नाही. मात्र एक पोते कमी पडले की पळापळ आपली, आणि लादी कापताना फुटली तर तीही आपलीच.

उचलीविषयी आम्ही नेहमी बजावीत आलो आहोत. आपण दिलेली उचल पुष्कळदा आपल्या घरात राहतच नाही. ती आधीच्या घराचे उरलेले काम पुरे करायला जाते, आणि आपले काम पुढच्या घराच्या उचलीतून व्हायचे असते. याची टोपी त्याच्या डोक्यावर. म्हणून हप्ते कामाच्या टप्प्यांवर बांधावेत. बँकाही गृहकर्ज काम पुढे सरकेल तसतसे देतात, ते याच कारणाने. त्यातही स्लॅबचा हप्ता फार जड ठेवू नये. स्लॅब पडला की पैसा निघतो, आणि पुढचे दारे, लादी, रंग हे चिवट काम थोड्या पैशांसाठी करण्याचा उत्साह कोणाला राहत नाही. भिंतीत जाणारे नळ लादी बसण्यापूर्वी पाणी भरून, दाब देऊन पाहावेत आणि मगच नळकामाचे पैसे मोकळे करावेत. रोख थोडी, चेक अधिक. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे. 'बिल नको, म्हणजे तुमचे तेवढे वाचतील' असे जो सांगतो, त्याचे काम बिघडल्यावर आपल्या हाती पुरावा राहत नाही.

आणि शेवटची, आमची विशेष आवडती अट: गच्चीच्या कामाची दहावा हिस्सा रक्कम राखून ठेवावी आणि ती पाऊस झाल्यावर द्यावी. वॉटरप्रूफिंगची परीक्षा ठेकेदाराच्या शब्दाने होत नाही, ती जूनमध्ये होते.

२०१८ साली वसईतील आमच्या मूळ घराचे काम निघाले तेव्हा करारनामा आम्हीच लिहून दिला. काम गच्चीचे, दोन न्हाणीघरांचे आणि स्वयंपाकघराचे. एकूण पाच लाख ऐंशी हजार रुपयांचे. बंधूंनी पैसे जमविले होते, शहाणपण आम्ही पुरविले. पाच हप्ते, आणि त्यातील शेवटचा साठ हजारांचा, पावसाचा एक महिना कोरडा गेल्यावर. ठेकेदाराने सही केली. त्याच्यासारख्या अनुभवी माणसाने कुरकूर न करता सही केली, याचा अर्थ आम्ही तेव्हा शोधला नाही.

काम जव्हार-मोखाड्याकडच्या सहा माणसांनी केले: दोन गवंडी आणि चार बिगारी, त्यात एक नवरा-बायको. भातकापणी उरकली की तिकडची कुटुंबे वसई-विरारकडे मजुरीला उतरतात आणि पेरणीच्या सुमारास परततात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. सकाळी नाक्यावर हातात थापी किंवा घमेले घेऊन उभी असलेली रांग आम्हांला ठाऊक होती. करारनामा लिहिताना मात्र ती आमच्या डोळ्यांपुढे नव्हती. डोळ्यांपुढे होता फक्त ठेकेदार.

मे महिन्याच्या अखेरीस काम संपले. त्या दिवशी आम्ही आईला भेटायला घरी गेलो होतो. संध्याकाळी ती सहाही माणसे ओटीवर येऊन बसली. गाठोडी बांधलेली, भांडी गोणपाटात घातलेली. निरोप घ्यायला आली असावीत असे समजून आईने चहा ठेवला. चहा घेऊन झाला तरी कोणी उठेना. शेवटी त्या बाईनेच तोंड उघडले.

"फादर, अकरा दिवसांची हजेरी राहिली आहे. शेठ म्हणतो, घरवाल्यांनी पैसे अडवलेत, पाऊस पडला की देतो."

"मग पडू दे पाऊस," बंधू म्हणाले, "आम्ही द्यायला बांधलेलो आहोत."

"पाऊस पडला की आम्ही शेतावर असणार. इथं कोण येणार घ्यायला? बियाण्याला आत्ता पैसे पाहिजेत."

आम्ही करारनामा आणवला. वाचून दाखविला. पाच लाख वीस हजार रुपये ठेकेदाराला वेळच्या वेळी पोचले होते, त्यातूनच त्याने मजुरी द्यायला हवी होती. आमच्याकडून जुलैपूर्वी एक पैसाही देणे निघत नव्हते. हे सारे खरे होते आणि आम्ही ते सौम्य शब्दांत सांगितले. ठेकेदाराला फोन लावला; तो दुसऱ्या कामावर होता. 'बघतो' म्हणाला. माणसे थोडा वेळ बसली आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठली. बाईने कप विसळून पालथे ठेवले होते.

रात्री जेवताना आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा कागद बरोबर आहे रे. पण राखून ठेवलेस ते पैसे कोणाचे?"

आम्ही हिशेब मांडला. गवंड्याचा रोज आठशे, बिगाऱ्याचा पाचशे. सहा माणसांचे अकरा दिवस म्हणजे एकोणचाळीस हजार सहाशे. ठेकेदाराच्या कसुरीची हमी म्हणून राखलेल्या साठ हजारांपैकी जवळजवळ चाळीस हजार त्याचे नव्हतेच. आम्ही त्याचा हात धरला आहे असे समजत होतो. त्याने त्या हातात दुसऱ्याचे मनगट देऊन आपला केव्हाच सोडवून घेतला होता. त्याने कुरकूर न करता सही का केली, ते त्या ताटावर उमगले.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात स्वर्गाकडे न्याय मागणारी चार पापे आम्ही पाठ केली होती. मजुराची मजुरी बुडविणे हे त्यांतील एक. लेवीयच्या पुस्तकात मजुराचा रोज रात्रभर आपल्यापाशी ठेवण्यास मनाई आहे, अनुवादात तो सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे, आणि याकोबाचे पत्र तर शेतमालकाने अडकवून ठेवलेल्या मजुरीलाच तोंड फुटल्याचे सांगते. यांवर आम्ही प्रवचने केली आहेत. पोप लिओ तेरावे यांचे १८९१ चे परिपत्रक परीक्षेसाठी अभ्यासले. त्यातील एक मुद्दा असा की, दोघांनी राजीखुशीने मान्य केले एवढ्यावरून करार न्याय्य ठरत नाही. परीक्षेत त्या प्रश्नाला चांगले गुण मिळाले होते. परंतु ते सारे वाचताना 'मालक' म्हणजे गिरणीवाला किंवा जमीनदार अशी आमची समजूत असे. ओटीवर करारनामा वाचून दाखविणारा धर्मगुरू त्या चित्रात कोठे बसतो, हे आम्ही कधी पाहिले नव्हते. कायद्यानेही आम्हांला मोकळेच ठेवले होते. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याने कंत्राटदाराने थकविलेल्या मजुरीची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती खरी, पण ती आस्थापनांच्या बाबतीत; घरगुती दुरुस्ती करणाऱ्या कुटुंबावर नव्हे.

पाऊस आला. गच्ची थेंबभरही गळली नाही. जुलैत बंधूंनी साठ हजारांचा चेक दिला आणि ठेकेदाराने हसतमुखाने घेतला. मजुरांचे पैसे दिलेस का, असे विचारता 'केव्हाच' म्हणाला. त्या रात्रीनंतर आम्ही स्वतः जव्हारला जाऊन त्या माणसांचा शोध घ्यायला हवा होता. आम्ही गेलो नाही. कामे होती, जून-जुलै शाळांचे दिवस. सबबी कमी नव्हत्या.

दिवाळीनंतर एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून नाक्यावर गेलो, तेव्हा त्या चार बिगाऱ्यांपैकी एक भेटला. निम्मे पैसे मिळाले, म्हणाला; उरलेले शेठने यंदाच्या उचलीत वळते केले. म्हणजे जी रक्कम त्याची येणे होती तिच्याच बदल्यात तो नव्या हंगामात त्याच ठेकेदाराशी बांधला गेला होता. बाई आणि तिचा नवरा त्या वर्षी उतरलेच नव्हते. आम्ही त्याच्या हातावर काही रुपये ठेवले. त्याने ते घेतले, पण ते कशाचे हे त्याला कळले नसावे. आम्हांलाही नीट सांगता आले नाही.

२०२२ साली आमच्या सध्याच्या धर्मगुरूनिवासाचे छत दुरुस्तीला आले तेव्हा करार निराळा लिहिला. माल आम्ही आणायचा. मजुरी ठेकेदाराच्या रकमेतून वेगळी काढायची आणि दर शनिवारी, हजेरीच्या वहीप्रमाणे, ज्याची त्याला आमच्या ओटीवर द्यायची. पावसापर्यंत काही राखायचे तर ते फक्त ठेकेदाराच्या नफ्यातले. अर्थसमितीतील एका निवृत्त अभियंत्यांना हे मुळीच पटले नाही. "फादर, ठेकेदाराची माणसे आपण आपल्या अंगावर का घ्यावीत? उद्या कोणी परातीवरून पडला तर तोही आपलाच होईल. शिवाय राखलेली रक्कम इतकी लहान असेल तर ठेकेदार परत येईलच कशाला?" दोन्ही आक्षेप खरे होते, आणि त्यांना आमच्याजवळ पुरते उत्तर नव्हते. पहिल्यावर उपाय म्हणून मजुरांचा अपघाती विमा उतरविला. दुसऱ्यावर काही सुचले नाही. शेवटी समितीने नाइलाजाने मान्यता दिली. ठेकेदाराने या वेळी सही करण्यापूर्वी भरपूर कुरकूर केली.

शनिवारची संध्याकाळ ओटीवर लांबत असे. मोबाइलवरून पैसे पाठवावेत अशी आमची कल्पना होती, पण पाचांपैकी तिघांनी रोखच मागितली. एकाचा फोन मुलाकडे गावी होता. एक गवंडी निम्मे पैसे घेई आणि निम्मे 'फादर, तुमच्याकडेच असू द्या' म्हणून परत सरकवी. त्याची बायको महिन्याच्या शेवटी येऊन ते मोजून घेऊन जाई. हिशेबात एकदा आमचीच चूक झाली आणि एका पोऱ्याने ती सर्वांसमोर दाखवून दिली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती माणसे गेली तेव्हा हजेरीच्या वहीत कोणाच्या नावापुढे बाकी नव्हती.

जूनमध्ये आमच्या अभ्यासिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाणी उतरले. ठेकेदाराचे अठरा हजार रुपये टेबलाच्या खणात पाकिटात होते. आम्ही फोन केला, तो 'येतो' म्हणाला. जुलैत पुन्हा केला. अभियंते दर रविवारी मिस्सेनंतर अभ्यासिकेत डोकावत, कोपऱ्यात ठेवलेल्या पातेल्याकडे पाहत आणि काही न बोलता जात. सप्टेंबरात उघडीप मिळाल्यावर ठेकेदार एकदाचा आला. दोन दिवस स्वतः गच्चीवर बसून त्याने तो कोपरा फोडला आणि पुन्हा केला. खाली उतरल्यावर आम्ही पाकीट पुढे केले. त्याने नोटा दोनदा मोजल्या, आणि पुढच्या कामाला हीच रीत असेल तर आपल्याला बोलवू नका, असे सांगून निरोप घेतला.