गाडीत ठेवायला बंदूक कुठली बरी?

परवा रात्री साडेदहाला तुडीलमधून फोन आला. ओळखीचा शेतकरी, घरोब्यातला. नाव देत नाही. "दादा, एक विचारायचं होतं. माझं नाव नको हां कुठं." म्हटलं, बोल.

"गाडीत ठेवायला बंदूक कुठली बरी पडेल? लांब नळीची. पिकअपमध्ये सीटच्या मागे बसेल अशी."

आधी हसायला आलं. पुढचं ऐकल्यावर हसू गेलं. भात पोटरीत आलंय आणि तीन रात्री डुकरं येऊन गेली. खाचर नांगरून ठेवल्यासारखं झालंय. शेत घरापासून लांब, ओढ्यापलीकडे. हा पिकअप घेऊन राखणीला जातो, आतच झोपतो. वाशीला असलेला मुलगा म्हणतो, तांदूळ विकत घ्या, कशाला जीव काढता. "सोडलं तर परत नाय होणार दादा. शेजारची तीन खाचरं अशीच सोडली. आता तिथं रान झालंय आणि डुकरं तिथनंच येतात."

हे शेवटचं वाक्य खाडीपट्ट्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. एकाने शेत सोडलं की दुसऱ्याचं धोक्यात येतं.

आता बंदुकीचं. मी काही शिकारी नाही, पण आमच्या घरात आजोबांपासून परवान्याची ठासणीची होती, त्यामुळे थोडंफार कळतं. रायफलचं नावही काढू नको म्हटलं. तिची गोळी डुकराला चुकली तर पुढे किलोमीटरभर जाते आणि आपल्याकडे किलोमीटरभरात एखादी वाडी असतेच. छर्‍याची एअरगन, म्हणजे १७७ बोअरची, ठरलेल्या ताकदीपर्यंत बिनपरवाना मिळते. तिने डुक्कर मरत नाही, बिथरतं. राहिली एकनळी बाराबोर. मधून मोडते, काडतूस आहे की नाही अंधारातही बोटाने कळतं, छर्‍याचा मार तीस-चाळीस मीटरचा. शेतकऱ्याला एवढीच पुरते. सीटमागे बसावी म्हणून काहीजण नळी कापतात. तो वेगळा गुन्हा आहे, कुणी मिस्त्री "करून देतो" म्हणाला तरी भुलू नका.

पण खरा प्रश्न कुठली हा नव्हताच, गाडीत हा होता.

मी बारावीत होतो तेव्हाची गोष्ट. रात्रभर राखण करून वडील आणि मी पहाटे जीपने परत निघालो. डुकरं आलीच नव्हती, म्हणजे बार तसाच भरलेला. ठासणीच्या बंदुकीची हीच गोम. दारू, चिंध्या, छर्रे नळीच्या तोंडाने ठासले की सहज उलटे काढता येत नाहीत, बार उडवूनच मोकळा करावा लागतो. तरी केप काढून घेतली की धोका कमी होतो. वडिलांनी केप काढली असं मी धरून चाललो, मी काढली असं त्यांनी धरलं. बंदूक सीटच्या मागे. वाटेत शाळेला निघालेली दोन पोरं हात करत होती, त्यांना मागे घेतलं. एका खड्ड्यात जीप अशी आदळली की बंदूक घसरली आणि नळीचं तोंड पोरांकडे गेलं. एक पोरगा तर तिला धरून सरळ करायला लागला. वडिलांनी गाडी थांबवली, मागे आले, बघितलं. केप जागेवरच होती. घोडा पडला नाही, एवढंच.

पोरांना उतरवलं, चालत जा म्हणाले. मग एका मोकळ्या जागी जाऊन मातीच्या बांधात बार उडवला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. स्वतःशीही नसावेत. त्या पोरांपैकी एकजण आज महाडला दुकान चालवतो. त्याला हे अजून माहीत नाही. आज वाचेल बहुतेक.

हे त्याला फोनवर सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "बाराबोरचं काडतूस तर काढता येतं ना?" येतं. पण गाडीत ठेवायची म्हणजे तू चहाला उतरलास, बाजाराला गेलास, गॅरेजला गाडी लावलीस, तरी ती आतच. काच फोडली की बंदूक दुसऱ्याची, आणि परवाना मात्र तुझ्या नावावर. घरातून हातात न्यायची, रिकामी करून हातातच परत आणायची, कुलपात ठेवायची. प्रवासात नेलीच तर रिकामी, कव्हरात, परवाना सोबत. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं तेही बघायचं.

दुसरं म्हणजे परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारायचा नव्हे. डुक्कर असो की वानर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दोन्ही येतात. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी आधी लागते. रात्री गाडीत बंदूक आणि मोठी बॅटरी दिसली की वनरक्षक राखणदार समजेल की शिकारी? त्याला गाडी थांबवून झडती घेता येते. शिकारीच्या गुन्ह्यात गाडी गेली की लवकर सुटत नाही, आणि पिकअपचे हप्ते चालू आहेत.

मग शेतकऱ्याने करायचं काय? इथे मात्र राग येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, १३ व्या कलमात, खऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं लिहिलंय. तिने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीचीही देता येते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना शेतकरी माहीत होता. पण याचा अर्ज दोन वर्षं फिरतोय. चौकशीला गेला की "साहेब मीटिंगला". अशा वेळी माणूस बिनपरवान्याकडे वळतो आणि तिथे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आत आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांचं निराळं रडगाणं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, मग भात कापणीला आलेलं असो. सरसकट जमा करून घेऊ नका, माणूस बघून ठरवा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. त्यासाठी छाननी समिती असते. तिच्याकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या.

पंचनाम्याचंही तेच. खाचर सारखं करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, वनखात्याकडे अर्ज द्या. याने तीन रात्रींत एकही फोटो काढला नव्हता.

खाडीपट्टा आणि पोलादपूरकडच्या ज्यांचे पीक संरक्षणाचे अर्ज अडकलेत त्यांनी अर्जाची तारीख आणि पोच मला मेसेज करा. एकत्र यादी करून अलिबागला घेऊन जाऊ. एकेकट्याला कुणी विचारत नाही.

सध्या त्याने सुतळी बॉम्ब आणलेत आणि बांधावर पत्र्याचे डबे टांगलेत. रविवारी मी जाणार आहे राखणीला. बॅटरी माझी, चहा त्याचा.