बिनबिल्टीचा प्रकाश

१० ऑक्टोबर २०२२, सोमवार
दिवाळीचा माल उतरतोय. भिवंडीजवळच्या पूर्णा गावाच्या रस्त्यावर सकाळपासून कंटेनर जागचे हललेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर खगोलवाल्यांची धांदल वाचली. काल गॅमा किरणांचा जबरदस्त स्फोट झाला. फर्मी उपग्रहाने तो आपल्या वेळेनुसार संध्याकाळी ६:४७ ला टिपला. स्विफ्ट उपग्रहाच्या आड तेव्हा पृथ्वी होती. त्याला ७:४० ला मागची धग दिसली. जागा आकाशगंगेच्या पट्ट्यालगतची, म्हणून आधी आपल्याच दीर्घिकेतला स्रोत समजले. मग दोन्ही नोंदी जुळल्या आणि नाव पडले: जीआरबी २२१००९ए.

११ ऑक्टोबर
आकाशाच्या नकाशात भिवंडी आणि रविवारची ती वेळ घातली. गरुड आणि हंसाच्या मधला शर तारकासमूह बरोबर डोक्यावर! स्फोटाची जागा खमध्यापासून जेमतेम दोन अंशांवर. आम्ही त्या वेळी कोजागरीचे दूध आटवत होतो. गच्चीत असतो तरी काय दिसणार म्हणा. गॅमा किरण वातावरणातच अडतात.

१२ ऑक्टोबर
चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने वर्णपट घेतला. हा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षे वाटेत होता. असे स्फोट १९६७ मध्ये वेला उपग्रहांनी प्रथम टिपले, पण ते जवळचे की दूरचे, हा वाद तीस वर्षे चालला. बिल्टीशिवाय माल आला तर पाठवणारा कोण, तशी गत. १९९७ मध्ये केक दुर्बिणीतून अंतर मोजणाऱ्या चमूत आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

१५ ऑक्टोबर, शनिवार
नुसत्या घड्याळावरही दिशा कळते. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या विंड यानापर्यंत जायला प्रकाशाला पाच सेकंद लागतात. दोन यानांच्या वेळांतल्या फरकावरून आकाशात एक वर्तुळ निघते. तिसरे यान मिळाले की वर्तुळे छेदतात. वेळांची जुळणी आपल्याकडेही कामी आली होती. जानेवारी २०१७ मध्ये नुकत्याच टिपलेल्या गुरुत्वलहरींशी नाते असावे असा एक विझता प्रकाशाचा ठिपका आकाशात सापडला होता. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय उपकरणाला त्या लहरींच्या वेळी काहीच दिसले नव्हते. सुमारे २१ तासांनी मात्र एक गॅमा स्फोट दिसला. ठिपका त्याचाच, हे खगोलशास्त्रज्ञ वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

३० मार्च २०२३
नासा म्हणते, ऑक्टोबरातल्या त्या स्फोटाइतका प्रखर स्फोट दहा हजार वर्षांतून एखादा. फर्मीची उपकरणे दिपून गेली होती. नेमकी जागा आणि अंतर कळले ते मागे रेंगाळलेल्या फिक्या उजेडातून. तो उजेड रेडिओलहरींत आपल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही मोजला.