उत्तर तूच दे

प्रिय ताई,

गूगल कोडच्या संग्रहात आपला प्रकल्प अजून आहे बरं का. सगळं जिथल्या तिथे आहे, वाचताही येतं; फक्त कशालाच उत्तर देता येत नाही. हल्ली तुझंही तसंच झालंय, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

आठवतो ना आपला तो एवढासा प्रोग्राम? डीटीपीच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर यूनिकोडमध्ये आणणारा? जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, यूनिकोडला ती नंतर हवी. रफाराचं नेमकं उलटं. "अक्षरांची रांग नीट लावायची, एवढंच तर आहे," म्हणाली होतीस. एवढंच? मग एका छापखान्यातल्या काकांनी इश्यूमध्ये तक्रार टाकली, तुमच्या प्रोग्रामने सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या केला! पोट धरून हसलीस, आणि सकाळपर्यंत दुरुस्ती चढवूनही मोकळी झालीस.

त्या काळात असे प्रकल्प ठेवायला जागा तरी कुठे होत्या? सोर्सफोर्ज 1999 पासून होतं, पण तिथे गुदमरायला व्हायचं. 2006 मध्ये गूगल कोड आलं आणि चहा उकळेपर्यंत प्रकल्प उभा राहायला लागला. एखादी अडचण आपलीही असेल तर इश्यूवर चांदणी लावायची, की पुढचं सगळं ईमेलने कळायचं. कोण कुठली माणसं, पण एकाच चांदणीखाली जमायची.

मग 2008 मध्ये गिटहब आलं. मी तुझ्या किती मागे लागलो होतो! आपल्या सबव्हर्जनमध्ये कोडमधल्या बदलांचा सगळा इतिहास एकाच सर्व्हरवर, गिटहबच्या गिटमध्ये तो प्रत्येकाच्या प्रतीबरोबर येतो. तुझं आपलं एकच, "चाललंय ना?" 2011 मध्ये गूगल कोडवरही गिट आलं तेव्हा तर तू मला चिडवलंसही. पण तोवर माणसं उठून गेली होती. मागे उरलेल्या जागेत जाहिरातबाजांनी असा धुमाकूळ घातला की सांभाळणाऱ्यांचा वेळ तो निस्तरण्यातच जायला लागला. खुद्द गूगलने आपले जवळपास हजार प्रकल्प गिटहबवर हलवले. 12 मार्च 2015 ला गूगल कोड बंद करण्याची घोषणा झाली आणि 25 जानेवारी 2016 ला दार लागलं.

मी चिडलो होतो. तू मात्र शांतपणे म्हणालीस, "धर्मशाळेत उतरलेल्याने मालकाशी भांडू नये." खरंच होतं ते. सामान हलवायला साधन दिलं, मुदत दिली, वर 14 लाखांहून अधिक प्रकल्प संग्रहात जपून ठेवले. आणखी काय करायला हवं होतं? पुढे मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्सही 2017 मध्ये मिटलं आणि 2018 मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घ्यायचं ठरवलं. मालक बदलतच राहणार.

पण ताई, मालक बदलला म्हणून तू प्रवासच का सोडलास? जागा कंपनीची होती, कबूल. अनोळखी माणसाला रात्री अकरा वाजता धीराने समजावणं कुणाचं होतं? ते कुठल्या कंपनीने दिलं होतं तुला? आधी आभार, मग "तो मजकूर जसाच्या तसा पाठवता का?", आणि चूक कुणाची याबद्दल अवाक्षर नाही. मी आजही अगदी तसंच उत्तर लिहितो. ऑफिसातल्या पोरांना वाटतं, ही माझी पद्धत. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

छापखान्यातले काका पुन्हा कुठे भेटले नाहीत. कोड हलवायला एक बटण होतं. त्यांना कुठे यायचं ते आपण सांगायला हवं होतं, आणि तेव्हा तुला वेळ नव्हता. तेवढा राग आहे माझा. राहू दे.

प्रोग्राम मी गिटहबवर आणलाय. परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, रफार दोनदा का तपासलाय? कारण मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. त्या ओळी तुझ्या आहेत, उत्तर तूच दे. आणि हो, आधी आभार मानायला विसरू नकोस.

तुझा,
धाकटा