जुन्याचा नवा खर्च

वाड्याच्या वाटणीत आमच्याकडे दोन खोल्या आणि एक माडी आली. ती 'जुन्या थाटात' सजवायची, असं सौ.ने ठरवलं. मी अनुमोदन दिलं.

गवंडी भिंतीवर टकटक करून म्हणाला, "साहेब, विटा-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कुणी केला? आत ओल कोंडलीय. पोपडे सुटणारच!" म्हणजे आता चुना. तो आधी भिजवून मुरवायचा, मग वाळू घालून मळायचा, त्यात गूळ नि बेलफळाचं पाणी. यादी वाचून वाटलं, भिंतीचं डोहाळजेवण आहे की काय!

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून तांब्याचा हंडा आणला. साडेचार हजार! त्यावर कुणाच्या तरी आजीचं नाव कोरलेलं. आई म्हणाली, "आपला मी मोडीत देऊन स्टीलचं पिंप घेतलं होतं." आणि हसली.

मग सागवानी दारांवरचा हिरवा ऑइलपेंट खरवडायला माणूस बसला. लावायला लागले असतील त्याच्या पन्नासपट पैसे काढायला! (बँकेतला माणूस, हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही.) आई झोपाळ्यावरून बघत होती. या वेळी हसली नाही.

"१९८२ च्या दिवाळीला लावला होता. माझ्या भिशीचे पैसे. सिमेंटही त्यातलंच."

खरवडणारा थांबला. मीही.

स्वयंपाकघराचं दार हिरवंच आहे. घर बघायला येणारे विचारतात, "हे राहिलं वाटतं?"

सौ. सांगते, "छे, ते ओरिजिनल आहे."